चित्रपटाआधीचे चित्र

चित्रपटाची कथा लिहून झाली, तरी तीतील नगरे, वेष व वाहने कशी दिसावीत हे शब्दांवरून साऱ्यांना सारखे उमगत नाही. म्हणून चित्रीकरणापूर्वी चित्रकार ती रंगवून दाखवितो. अशा चित्राला संकल्पनाचित्र म्हणतात.

१९७५ साली अमेरिकन दिग्दर्शक जॉर्ज लुकास ‘स्टार वॉर्स’ या अंतराळकथेची जुळवाजुळव करीत होते. नुसती कथा ऐकून कोणाच्या डोळ्यांपुढे काही उभे राहीना. तेव्हा त्यांनी राल्फ मॅक्वारी या चित्रकाराला पाचारण केले. मॅक्वारींनी पूर्वी बोइंग या विमानांच्या कारखान्यात यंत्रांची चित्रे काढली होती. कथेतील खलपुरुष डार्थ व्हेडर एका यानातून दुसऱ्या यानात शिरतो, असा प्रसंग होता. मॅक्वारींना प्रश्न पडला, अंतराळात हवा नाही. मग हा श्वास कसा घेणार? त्यांनी त्याला श्वसनाचा मुखवटा चढविला. एका प्रसंगापुरता सुचलेला तो मुखवटा पुढे त्या पात्राची ओळखच बनला! चित्रे पाहून भांडवल पुरविणाऱ्यांनाही धीर आला आणि १९७७ साली चित्रपट झळकला.

मॅक्वारी कुंचल्याने रंगवीत. आज हे काम बहुधा संगणकावर चालते. टॅब्लेटवर लेखणी दाबली की रेषा जाड उमटते, हलकी टेकविली की बारीक. आकाश, डोंगर, माणसे निरनिराळ्या थरांवर रंगविता येतात. माणूस पुसला तरी डोंगर शाबूत! केवढी ही सोय! शिकणाऱ्याने मात्र आधी कागदावर पेल्याची सावली काढावी. मग एकच रस्ता सकाळी, दुपारी व दिवेलागणीला रंगवावा. दिवेलागणीच्या रिकाम्या रस्त्यावर एखादी विसरलेली छत्री दाखवावी. पाहणारा लगेच विचारतो, ही कोणाची?