प्रमाणपत्रे वाढली, कौशल्याचे काय?

भांडवल म्हटले की कारखाने, यंत्रसामग्री आणि बँकेतील ठेवी डोळ्यांसमोर येतात. थिओडोर शुल्ट्झ आणि गॅरी बेकर या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञांनी १९६० च्या दशकात या यादीत माणसाचे शिक्षण, आरोग्य आणि कौशल्य यांची भर घातली आणि 'मानवी भांडवल' ही संज्ञा रूढ झाली. फरक एवढाच, की यंत्र विकत आणता येते, वेल्डरचा हात मात्र घडवावा लागतो. त्याला वेळ लागतो, आणि नेमका हा वेळच सरकारी उद्दिष्टांत बसत नाही.

स्वातंत्र्यानंतरची मूळ आखणी विचारपूर्वक केलेली होती. १९५० मध्ये कारागीर प्रशिक्षण योजना आली व तिच्यातून आयटीआयचे जाळे उभे राहिले. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याने दुसरा दुवा जोडला. फिटर, टर्नर वा इलेक्ट्रिशियनचा ट्रेड संस्थेत शिकायचा आणि कारखान्यात उमेदवारी करून हात बसवायचा. पुणे-पिंपरी आणि मुंबई-ठाणे पट्ट्यातील कितीतरी कामगार याच वाटेने घडले.

पुढे आकड्यांची घाई सुरू झाली. २००९ च्या राष्ट्रीय धोरणाने २०२२ पर्यंत ५० कोटी लोकांना कुशल करण्याचे उद्दिष्ट ठेवले; नंतर ४० कोटींचा आकडा पुढे आला. २०१५ च्या धोरणातच नमूद होते, की औपचारिक कौशल्य प्रशिक्षण घेतलेल्यांचे प्रमाण भारतात ४.७ टक्के, तर जर्मनीत ७५ आणि दक्षिण कोरियात ९६ टक्के आहे. दरी मोठी होती, म्हणून त्याच वर्षी सुरू झालेल्या प्रधानमंत्री कौशल विकास योजनेत अल्प मुदतीच्या अभ्यासक्रमांवर भर दिला गेला. प्रमाणपत्र मिळवणाऱ्यास सरासरी आठ हजार रुपयांचे बक्षीसही होते. प्रमाणपत्रे मोजणे सोपे; तो तरुण वर्षभराने कोणत्या कामावर आहे, हे मोजणे कठीण.

खरी अडचण उमेदवारीत आहे. बेकर यांनीच दाखवून दिले होते, की कोठेही उपयोगी पडेल असे कौशल्य शिकवण्याचा खर्च मालक सहसा सोसत नाही. शिकलेला माणूस उद्या शेजारच्या कारखान्यात जाऊ शकतो. म्हणून सरकारला मध्ये पडावे लागते. ३० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना अडीच ते १५ टक्के शिकाऊ उमेदवार घेणे नियमाने बंधनकारक आहे. २०१६ च्या योजनेत विद्यावेतनाचा चौथा हिस्सा, महिना दीड हजार रुपयांपर्यंत, केंद्राने उचलला. तथापि उमेदवाराला खरोखर यंत्रावर उभे केले जाते की स्वस्त मजूर म्हणून राबवले जाते, हे कारखान्याच्या आत जाऊन पाहिल्याखेरीज कळत नाही.

महाराष्ट्राने २०२४ मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली. बारावी उत्तीर्णांना महिना सहा हजार, आयटीआय व पदविकाधारकांना आठ हजार आणि पदवीधरांना दहा हजार रुपये विद्यावेतन ठरले. ते पूर्णपणे राज्याच्या तिजोरीतून द्यायचे, म्हणजे घेणाऱ्या आस्थापनेचे त्यात काहीच गुंतत नाही. खासगी उद्योगांबरोबर शासकीय कार्यालयांतही प्रशिक्षणार्थी नेमले गेले. तेथे फाइली हाताळण्याचा सराव होतो खरा, पण त्या सरावाला कार्यालयाबाहेर बाजारभाव किती? सुरुवातीची सहा महिन्यांची मुदत २०२५ मध्ये अकरा महिन्यांवर नेण्यात आली. बाराव्या महिन्यात या तरुणांनी कोठे जायचे, याची तरतूद त्या मुदतवाढीत नव्हती.