बारगीर, शिलेदार आणि सांडणीस्वार : युद्धवाहनांची परिभाषा व बखरगद्याचे वाचन

मराठी बखरींच्या अध्यापनात युद्धवर्णनांकडे बहुधा वीररसाची स्थळे म्हणूनच पाहिले जाते. घोडे, उंट यांचे उल्लेख मग सैन्याचे वैभव दाखविणारी वर्णनसामग्री ठरतात. वस्तुतः या प्राण्यांशी निगडित शब्द पारिभाषिक आहेत. त्यांचा अर्थ नेमका कळला नाही, तर बखरीतील माणसांच्या वर्तनाचाही अर्थ निसटतो. प्रस्तुत लेखात घोडा व उंट या दोन युद्धवाहनांच्या परिभाषेचा या दृष्टीने विचार केला आहे.

मराठी घोडदळाचे दोन मुख्य वर्ग होते. सरकारी पागेतील घोड्यावर बसणारा तो बारगीर आणि स्वतःचे घोडे व हत्यार घेऊन चाकरीस येणारा तो शिलेदार. 'शिलेदार' याचा मूळ अर्थ शस्त्रधारी, तर 'बारगीर' याचा भार वाहणारा. म्हणजे केवळ व्युत्पत्तीवरून हा भेद उलगडत नाही. घोड्याच्या मालकीची अर्थच्छटा व्यवहारातून आलेली आहे.

सतराव्या शतकाच्या अखेरीस कृष्णाजी अनंत सभासदाने लिहिलेल्या बखरीत या व्यवस्थेचे तपशील मिळतात. 25 बारगिरांवर एक हवालदार, 5 हवालदारांवर एक जुमलेदार, 10 जुमलेदारांवर एक हजारी, अशी ही उतरंड होती. दर 25 घोड्यांमागे एक पखालजी व एक नालबंद असे. पाणी आणि नाल यांची तरतूद बखरकाराला सेनापतीच्या पराक्रमाइतकीच नोंदविण्याजोगी वाटली, ही गोष्ट लक्षणीय आहे. शिलेदारांना पागेच्या हुकमतीखाली ठेवल्याचेही सभासद सांगतो. त्यामागील हेतू उघड आहे : ज्याचा घोडा स्वतःचा, तो काही अंशी स्वतंत्र, त्यास शिस्तीत बांधणे आवश्यक होते.

चिपळूण भागात मौजे हलवर्ण येथे छावणीस असलेल्या पागेच्या जुमलेदार, हवालदार व कारकुनांना उद्देशून लिहिलेले शिवछत्रपतींचे पत्र याच संदर्भात वाचावयास हवे. दाणावैरण आताच बेहिशेबी उधळली, तर ऐन पावसाळ्यात घोडी उपाशी मरतील, लोक कुणब्यांचे धान्य व गवत ओरबाडू लागतील आणि रयतेला मोगल बरे वाटू लागतील, असा त्याचा आशय आहे. घोड्याची वैरण, रयतेचा विश्वास आणि राज्याची प्रतिष्ठा एकाच कार्यकारणसाखळीत गुंफणारे हे गद्य आहे.

बंगालमध्ये मात्र याच शब्दाचे निराळे रूपांतर झाले. 1740 नंतरच्या दशकात नागपूरकर भोसल्यांच्या स्वाऱ्यांमुळे तेथे प्रत्येक मराठा स्वार 'बर्गी' ठरला आणि सेवाप्रकार दर्शविणारी संज्ञा लुटारूची वाचक झाली. शासनाच्या दप्तरातील शब्द पीडितांच्या स्मृतीत गेला की त्याचा अर्थ कसा पालटतो, याचे हे बोलके उदाहरण होय.

उंटाची परिभाषा याहून वेगळी आहे. घोडेस्वाराचे नाव मालकीवरून पडले. उंटाशी संबंधित नावे कामावरून पडली. वेगवान सांडणीवरून पत्रे नेणारा तो सांडणीस्वार. उंटाच्या पाठीवरील हलकी तोफ ती शुतरनाळ किंवा जंबुरा. उंटाचा मऊ तळवा वाळूत उपयोगी, परंतु ओल्या चिखलात घसरणारा. घाटमाथ्याच्या व पावसाळी मुलखात तो धावत्या हल्ल्याचे वाहन होऊ शकला नाही, यात आश्चर्य नाही.

14 जानेवारी 1761 रोजी पानिपतावर या दोन्ही वाहनांचा प्रश्न एकत्र आला. अब्दालीच्या शुतरनाळा उंटांबरोबर जागा बदलू शकत होत्या. इब्राहीमखान गारद्याच्या अवजड तोफा तितक्या सुलभतेने हलविता येत नव्हत्या. त्याआधीच्या कोंडीत दाणावैरण तुटल्याने मराठ्यांची घोडी खंगली होती. अशा वेळी शिलेदाराचा घोडा पडणे म्हणजे त्याचे भांडवल, चाकरी आणि दर्जा एकदमच जाणे होय. बारगिराचा घोडा पडला, तर नुकसान सरकारचे. म्हणून भाऊसाहेबांची बखर वाचताना रणातून निघून गेलेल्यांच्या निष्ठेविषयी निर्णय देण्यापूर्वी तो घोडा कोणाचा होता, हे विचारले पाहिजे. हा प्रश्न कोणाचे समर्थन करण्यासाठी नाही. बखरकाराच्या श्रोत्याला न सांगता कळणारा संदर्भ आजच्या वाचकाला पुन्हा उपलब्ध व्हावा, एवढ्यासाठी आहे.

बखरींच्या आवृत्त्यांत कठीण शब्दांचे अर्थ दिलेले असतात. परंतु 'बारगीर म्हणजे घोडेस्वार, शिलेदार म्हणजेही घोडेस्वार' अशा टिपेने भेद पुसला जातो आणि त्याबरोबर या गद्याचा सामाजिक आशयही. बखरीतील वीररस खोटा नाही; परंतु तो दाणा, नाल आणि मालकी यांच्या आधारावर उभा आहे. अध्यापनात हा आधार दाखविला, तरच त्या रसाचे खरे मोल विद्यार्थ्यांना कळेल.