टाळेबंदीनंतरचे काम (भाग ५) : सुरतच्या कारागिराला कुदळ

मागच्या भागात आपण श्रमिक रेल्वेगाड्यांबरोबर गावाच्या वेशीपर्यंत आलो होतो. माणसे घरी पोचली, पण पुढे काय? एक कोटीहून अधिक मजूर आपापल्या राज्यांत परतल्याचे केंद्रीय श्रम मंत्रालयाने सप्टेंबर २०२० मध्ये संसदेत सांगितले. त्यांतले ३२ लाखांवर एकट्या उत्तर प्रदेशातले.

या सगळ्यांना तातडीने काम देऊ शकणारी यंत्रणा देशात एकच होती, रोजगार हमी. तिचे मूळ आपल्याकडचे. १९७२ च्या दुष्काळात वि. स. पागे यांची ‘मागेल त्याला काम’ ही कल्पना महाराष्ट्रभर राबवली गेली, पुढे तिचा कायदा झाला आणि २००५ साली देशाचाही. २०२० मध्ये केंद्राने अर्थसंकल्पातल्या ६१,५०० कोटींत आणखी ४०,००० कोटी घातले. त्या वर्षी सुमारे साडेसात कोटी कुटुंबे या कामांवर आली. चुली पेटत्या राहिल्या त्या बऱ्याच अंशी यामुळे, हे मान्यच करायला हवे.

पण हमी शंभर दिवसांची होती आणि तीही कुटुंबाला. मुंबईहून परतलेल्या मुलाचे नाव बहुधा बापाच्याच जॉबकार्डावर चढायचे. म्हणजे गावात राहिलेल्या आईबापाच्या वाट्याचे दिवस त्याने खायचे. प्रत्यक्षात कुटुंबामागे सरासरी ५० दिवसांच्या आसपासच काम मिळाले. शिवाय ही योजना घडली ती दुष्काळात शेतीवरचे काम सुटलेल्या मजुरासाठी. शिलाई यंत्रावर दहा वर्षे घालवलेल्या माणसाच्या हाती तिने कुदळच दिली.

२० जून २०२० ला बिहारच्या खगडिया जिल्ह्यातल्या तेलिहार गावातून गरीब कल्याण रोजगार अभियान सुरू झाले. सहा राज्ये, ११६ जिल्हे, १२५ दिवस आणि ५०,००० कोटी रुपये. आकडा भरभक्कम, पण पैसा मुख्यत्वे चालू योजनांचाच. रस्ते, घरकुले, विहिरी अशा २५ प्रकारच्या कामांची मोट बांधून तो लवकर खर्चायचा होता. एव्हाना पंजाबातले शेतकरी भाताच्या लावणीसाठी बिहारात बसगाड्या धाडू लागले होते. कसबी माणूस मातीकामावर फार दिवस टिकत नाही, हे सरकारआधी मालकांनी ओळखले.

याला एक अपवाद मला फार मोलाचा वाटतो. पश्चिम चंपारणच्या जिल्हा प्रशासनाने विलगीकरण केंद्रांतल्या लोकांना नाव-गाव विचारतानाच ‘तुम्हाला काय येते?’ हेही विचारले. कोणी सुरतच्या कापड उद्योगातला, कोणी लुधियानातला शिलाई कारागीर. मग चनपटिया इथल्या सरकारी गोदामांची जागा त्यांना उद्योगासाठी दिली, बँकांकडून कर्जे मिळवून दिली, यंत्रे आली, आणि कालचे कामगार साड्या, लेहंगे, जॅकेटे स्वतःच बनवून विकू लागले. यामुळे बिहारचे स्थलांतर थांबले, असे कोणी म्हणणार नाही. पण जागा, भांडवल आणि गिऱ्हाईक या तिन्हींची सोय एकदम झाली, म्हणून हे जमले. नुसती कसबांची यादी करणारी राज्ये पुष्कळ होती. त्या याद्या संगणकातच राहिल्या.

आणि यादी तरी कुठे धड होती? स्थलांतरित मजुरांचा कायदा १९७९ चा, पण कोण कुठे राबतो याची देशपातळीवर नोंदच नव्हती. सर्वोच्च न्यायालयाने कान उपटल्यावर ऑगस्ट २०२१ मध्ये ई-श्रम पोर्टल सुरू झाले. त्याचा हिशेब पुढच्या आठवड्यात मांडू. तोवर एक काम करा. तुमच्या इमारतीच्या बांधकामावर, घरकामाला, पहाऱ्यावर जे कोणी असतील, त्यांची ई-श्रम नोंदणी झाली आहे का ते विचारा. वय १६ ते ५९ असावे, भविष्य निर्वाह निधीचे खाते नसावे. आधार आणि बँक खात्याचा तपशील लागतो, पैसे लागत नाहीत.