जुन्या टूलमध्ये भर घालायची की नवीन टूल काढायचं?

तुम्ही कमांड-लाइन टूल बनवून विकताय आणि पहिलाच ग्राहक म्हणतो, "यात एवढं एक टाकून द्या ना." टाकायचं का?

युनिक्समधलं 'कॅट' बघा. काम एकच, फाइली एकामागोमाग एक जोडून देणं. बर्कलेवाल्यांनी त्यात ओळींना नंबर देणं, न दिसणारी अक्षरं दाखवणं असे पर्याय घातले. रॉब पाइक यांनी 1983 मध्ये यावर जाहीर टीका केली. त्यांचं म्हणणं सरळ होतं: कॅटने मजकूर जसाच्या तसा द्यावा, अक्षरं दाखवायला 'व्हिस' हे वेगळं छोटं टूल असावं.

पटतं. तरी लिनक्सवर कॅटचे ते पर्याय आजही आहेत. कॅट सगळीकडे असतंच, व्हिस बहुतेकांना माहीतही नाही! आणि वेगळं टूल म्हणजे वेगळं मार्केटिंग, वेगळा सपोर्ट.

मी एवढंच बघतो, की नवीन काम जुन्याशिवाय कोणी एकटं वापरेल का? वापरेल, तर वेगळं काढा. नाहीतर पर्याय द्या, पण तो मागितल्यावरच चालू व्हावा. कुणीतरी तुमच्या टूलवर रात्रीच्या बिलांची स्क्रिप्ट लावलेली असते. आउटपुट जरा बदललं, की सकाळी फोन तुम्हालाच.