कॉम्प्युटर बंद पडला? दुकानात नेण्याआधी घरीच एवढं तपासा

मोहाडी : अर्जाची शेवटची तारीख आणि कॉम्प्युटर बंद पडणे, या दोन गोष्टी आपल्याकडे बरोबर एकाच दिवशी येतात. मागे माझ्याच घरी असं झालं. मुलीचा सीईटीचा फॉर्म भरायचा होता, मुदत संपायला एक दिवस बाकी, आणि बटन दाबलं तर पंखा फिरते पण पडदा काळाच. सीपीयू गाडीवर बांधला आणि शहरात एका दुकानात नेला. "भाऊ, मदरबोर्ड गेला. साडेचार हजार लागतील," असं उत्तर मिळालं. तेवढे पैसे खिशात नव्हते म्हणून तसाच परत आणला. फॉर्म रात्री दुसऱ्याच्या घरी बसून भरला.

चार दिवसांनी गावातल्या एका पोराने सीपीयू उघडला, आतली रॅमची पट्टी काढली, खोडरबरने घासली आणि परत बसवली. कॉम्प्युटर सुरू झाला. खर्च शून्य. त्यानंतर मी हे थोडंफार शिकून घेतलं. आता महाडीबीटी, शिष्यवृत्ती, सातबारा, सगळी कामं ऑनलाईन आहेत आणि प्रत्येक वेळी भंडारा नाही तर तुमसर गाठायचं म्हणजे एक दिवस गेला. म्हणून घरच्या घरी काय तपासायचं ते क्रमाने देत आहे. क्रम सोडू नका, कारण सोपा आणि फुकटचा उपाय आधी आहे.

अजिबातच सुरू होत नसेल तर

सुरुवात विजेपासून करा. बोर्डाचं बटन, एक्स्टेन्शन बोर्ड, सीपीयूच्या मागची काळी वायर आणि तिथलंच छोटं बटन पाहा. झाडताना ही वायर ढिली होते. यूपीएस असेल तर तो बाजूला ठेवून वायर सरळ भिंतीच्या बोर्डात लावा. अनेकदा यूपीएसची बॅटरी संपलेली असते आणि आपण कॉम्प्युटरला दोष देतो.

मोबाईल चार्ज होते म्हणजे लाईन बरोबर आहे, असं समजू नका. बहुतेक चार्जर १०० व्होल्टपासून चालतात. घरची लाईन २३० व्होल्टची असते. उन्हाळी धानाच्या दिवसांत त्याच डीपीवर मोटारपंप सुरू असले की व्होल्टेज पडते. छताचा पंखा नेहमीपेक्षा हळू फिरत असेल तर थोडं थांबा, पंप बंद झाल्यावर सुरू करून बघा. उलट दिवे अचानक जास्तच उजेड द्यायला लागले तर घरचं मेन स्विच ताबडतोब पाडा. न्यूट्रल तुटला की व्होल्टेज वाढते आणि घरातल्या सगळ्या वस्तू जळू शकतात.

लाईन बरोबर आहे, वायर बरोबर आहे, तरी काहीच हलत नाही, तर बहुतेक सीपीयूमधला वीजपुरवठ्याचा डबा, म्हणजे एसएमपीएस गेलेला असतो. तो बदलता येतो. मात्र तो डबा स्वतः उघडू नका. वायर काढल्यावरही त्यात करंट साठलेला राहते.

पंखा फिरते, पडदा काळा

आधी मॉनिटरची वायर दोन्ही बाजूंनी काढून परत घट्ट लावा. मॉनिटरवर 'नो सिग्नल' लिहून येत असेल तर मॉनिटर चांगला आहे, बिघाड वायरमध्ये किंवा सीपीयूमध्ये आहे.

नंतर रॅम. वायर पूर्ण काढा, सुरू करायचं बटन दहा सेकंद दाबून धरा म्हणजे उरलेला करंट निघून जाते. बाजूचं झाकण उघडा. आधी हात लोखंडी पेटीला लावा. रॅमच्या दोन्ही टोकांच्या क्लिपा दाबून पट्टी वर काढा, तिचे सोनेरी दात शाळेच्या खोडरबरने हलके पुसा, कचरा झटका आणि 'टक' आवाज येईपर्यंत परत बसवा. दोन पट्ट्या असतील तर एकेक लावून बघा. सुरू करताना सारखा बीप-बीप आवाज येत असेल तर रॅमवरच पहिला संशय घ्या.

आपल्या घरांत धूळ जास्त. कवेलूतून माती पडते, चुरणीच्या दिवसांत धानाचा भुसा घरभर उडते. त्यात मुंग्या, झुरळं, कधी पालसुद्धा सीपीयूत शिरते. वर्षातून दोनदा, विशेषतः चुरणी आटोपल्यावर, कोरड्या ब्रशने आतून साफ करा. पंख्याची पाती बोटाने धरून झाडा. ओला फडका लावू नका. थोडा वेळ चालून आपोआप बंद पडणारे कॉम्प्युटर बरेचदा नुसते धुळीने तापलेले असतात.

तारीख चुकीची दिसते

ही खूण लक्षात ठेवा. कॉम्प्युटर सुरू होते, नेट आहे, पण सरकारी किंवा बँकेची साईट उघडली की 'कनेक्शन सुरक्षित नाही' असं येते. खाली कोपऱ्यात तारीख बघा. ती काही वर्षं मागची असेल तर साईट उघडणार नाही. तारीख बरोबर करा, काम होईल. दर वेळी तारीख मागे जात असेल तर मदरबोर्डवरचा गोल सेल संपला आहे. सीआर २०३२ नावाचा हा सेल घड्याळाच्या दुकानातही मिळते.

नेट चालत नाही

आधी त्याच वायफायवर मोबाईल लावून बघा, मोबाईलचा स्वतःचा डेटा बंद करून. मोबाईलवर चालते तर बिघाड कॉम्प्युटरमध्ये. मोबाईलवरही नाही तर राऊटरकडे वळा.

राऊटरवर 'लॉस' लिहिलेला लाल दिवा लागला असेल तर बाहेरून फायबर तुटली आहे किंवा तिच्यातून प्रकाश येत नाही. कितीही बंद-चालू करा, उपयोग नाही, कंपनीला तक्रार करा. ही तार आतून काचेची असते. तिला गाठ मारू नका, खिळ्याला करकचून बांधू नका, तुटलेल्या टोकात डोळा लावून पाहू नका.

लाल दिवा नसेल तर राऊटर अर्धा मिनिट बंद ठेवून सुरू करा. तो सारखा आपोआप बंद-चालू होत असेल तर त्याचा अडॅप्टर तपासा. नवीन घेताना व्होल्ट तेवढेच पाहिजेत, अँपिअर तेवढे किंवा जास्त चालतात. वायफायची दोन नावं दिसत असतील तर मातीच्या जाड भिंतीपलीकडे २.४ वालं धरा. ५ वालं वेगवान असते, पण भिंतीत अडते.

आणि बाकी साईट उघडतात, फक्त अर्जाचीच उघडत नाही, तर कॉम्प्युटरला हात लावू नका. तिकडे गर्दी आहे. पहाटे प्रयत्न करा. काहीच जमलं नाही तर मोबाईल केबलने कॉम्प्युटरला जोडा आणि मोबाईलच्या सेटिंगमधून यूएसबी टेदरिंग सुरू करा. शेवटच्या दिवशी एवढ्याने काम भागते.

इथे मात्र थांबा

हार्ड डिस्कमधून टक-टक आवाज येत असेल तर कॉम्प्युटर लगेच बंद करा. परत परत सुरू केलं तर आतले फोटो, कागदपत्रं कायमची जातील. दाखले, मार्कशीट, सातबारा यांची एक प्रत पेनड्राईव्हवर आजच काढून ठेवा.

पडद्यावर 'व्हायरस आला, या नंबरवर फोन करा' असं आलं तर फोन करू नका. कोणी समोरून कॉम्प्युटर ताब्यात घेणारं ॲप टाकायला सांगितलं तर टाकू नका. पैसे गेलेच तर लगेच १९३० वर तक्रार करा.

आभाळ गडगडायला लागलं की कॉम्प्युटर आणि राऊटरच्या पिना बोर्डातून काढा. नुसतं बटन बंद करून वीज थांबत नाही. पेटीला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर अर्थिंग खराब आहे, आधी वायरमनला बोलवा.

एवढं करूनही दुकानात न्यावं लागलं तर काय काय तपासलं ते सांगा, खर्च आधी विचारा आणि बदललेला जुना पार्ट परत मागा. माझ्या वेळी खिशात पैसे असते तर चांगला मदरबोर्ड दुकानात ठेवून आलो असतो.