पाचवी रांग बाद!

बाजरीची विरळणी करताना चांगलं रोप उपटायचं अगदी जिवावर येतं. अमेरिकेच्या दक्षिणेत, जॉर्जिया-अलाबामात पाइन लावणारे मात्र बिनधास्त. लॉब्लॉली पाइनची एकरी 500-600 रोपं लावायची आणि झाडं पंधराएक वर्षांची झाली की मशीन घालून दर पाचवी रांग अख्खी उडवायची! मशीनला वाट होते, शेजाऱ्यांना ऊन मिळतं. मग मधल्या रांगांतली वाकडी, बेचक्याची, रोगट झाडं निघतात.

ही काडीपैलवान मंडळी जातात लगद्याच्या गिरणीत. जगभरच्या डायपरमधल्या मऊ लगद्याचा मोठा वाटा याच दक्षिणी पाइनचा. म्हणजे तुमच्या घरातलं बाळही कदाचित त्यावरच बसलेलं असेल.

विरळणीने झाडं उंच होतात, हा गैरसमज. उंची दाटीतही जवळपास तेवढीच राहते, वाढतो तो घेर. एकूण लाकूडही वाढत नाही. तेच मोजक्या खोडांवर चढतं. पण सॉ मिलवाला जाड ओंडक्याला टनामागे कितीतरी चढा भाव देतो, मग काय हवं?

दाटी झाली हे कळतं कसं? खिशातल्या काचेच्या छोट्या पाचरीने. वनपाल एका जागी उभा राहून गोल फिरतो आणि काचेतून एकेक खोड बघतो. काचेतून बाजूला सरकलेली दिसणारी प्रतिमा मूळ खोडाला चिकटून दिसली तर झाड मोजायचं, सुटी दिसली तर सोडायचं. आकड्याला 10 ने गुणलं की एकरातल्या सगळ्या खोडांचा, छातीच्या उंचीवरचा, एकत्रित छेद चौरस फुटांत हाती येतो. ना दोरी, ना टेप! ही युक्ती 1940च्या दशकात वाल्टर बिटरलिख या ऑस्ट्रियन वनतज्ज्ञाने काढली.

आता आकडा ऐका. 120 चौरस फूट झाले की रान दाटलं म्हणायचं. अख्ख्या 43,560 चौरस फुटांच्या एकरात सगळी खोडं मिळून दहा बाय बाराची एक खोली! भांडण जमिनीवर नसतंच. ते वर उन्हासाठी आणि खाली पाण्यासाठी.

गर्दीचा फायदा उठवतो तो तांदळाच्या दाण्याहून लहान पाइन-भुंगेरा. तो वास सोडून भाईबंदांना जेवायला बोलावतो. विरळ रानात वारा खेळतो, आमंत्रण विरून जातं. शिवाय धष्टपुष्ट झाड डिंकासारखी राळ सोडून पाहुण्याला बाहेर ढकलतं.

काही जमीनमालक लाकडाचा हिशेब बाजूला ठेवून रान आणखी विरळ करतात, ते बॉबव्हाइट नावाच्या लाव्यासाठी. त्याला ऊन हवं, गवत हवं. खोडाच्या जाडीशी त्याला काही देणंघेणं नाही.