पासबुकातील माणूस : वर्णभेदी राजवट आणि ‘सिझ्वे बान्सी इज डेड’

दक्षिण आफ्रिकेत १९४८ साली नॅशनल पक्ष सत्तेवर आला आणि वर्णभेद हे राज्याचे घोषित धोरण झाले. तथापि त्याची पायाभरणी पूर्वीच झालेली होती. १९१३ च्या भूमी कायद्याने बहुसंख्य कृष्णवर्णीयांसाठी देशातील जेमतेम ७ टक्के जमीन राखून ठेवली. १९३६ मध्ये ही मर्यादा सुमारे १३ टक्क्यांपर्यंत वाढविण्यात आली. जमिनीवरून उखडलेल्या माणसाला खाणी-कारखान्यांची वाट धरणे भाग होते. शहराला त्याचे श्रम हवे होते, तो स्वतः मात्र नको होता. ही विसंगती निभावून नेण्याचे साधन म्हणजे पासबुक होय.

१९५२ चा यासंबंधीचा कायदा भाषेच्या अभ्यासकाने मुद्दाम पाहावा असा आहे. त्याच्या शीर्षकातच ‘पास रद्द करणे’ असे शब्द होते. प्रत्यक्षात जुने निरनिराळे दाखले जाऊन त्यांच्या जागी १६ वर्षांवरील प्रत्येक कृष्णवर्णीयाला एकच ‘संदर्भ पुस्तिका’ सक्तीची झाली. छायाचित्र, कराच्या नोंदी, राहण्याचा परवाना, मालकाची सही असे सर्व त्या पुस्तिकेत असे आणि मागताक्षणी ती दाखविता न येणे हा गुन्हा होता. लोकांनी तिला ‘डॉम्पास’, म्हणजे ‘मूर्ख पास’, असे नाव दिले. राज्यकर्त्यांच्या शब्दापेक्षा हा शब्द अधिक प्रामाणिक म्हटला पाहिजे. परवान्याविना शहरात ७२ तासांहून अधिक काळ राहण्याचा हक्क तेथेच जन्मून सतत राहिलेल्याला, एकाच मालकाकडे १० वर्षे काम केलेल्याला किंवा १५ वर्षे वैध वास्तव्य असलेल्याला आणि त्यांच्या बायकामुलांनाच होता. या पासांविरुद्ध २१ मार्च १९६० रोजी शार्पव्हिल येथे जमलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळीबार केला; त्यात ६९ जण मृत्युमुखी पडले.

अॅथॉल फुगार्ड, जॉन कानी आणि विन्स्टन न्त्शोना यांनी मिळून रचलेले ‘सिझ्वे बान्सी इज डेड’ हे नाटक १९७२ मध्ये केपटाउन येथे रंगभूमीवर आले. किंग विल्यम्स टाउनहून पोर्ट एलिझाबेथला कामाच्या शोधात आलेल्या सिझ्वेच्या पुस्तिकेवर परत जाण्याचा शिक्का बसतो. रात्री रस्त्यात एक प्रेत आढळते. मृताच्या पुस्तिकेत काम शोधण्याचा परवाना आहे. मित्र बुंटू छायाचित्रांची अदलाबदल करतो आणि सिझ्वे ‘रॉबर्ट’ होतो. वाटते तितके हे सोपे नाही. सिझ्वे आपले नाव सोडावयास तयार नसतो आणि नाटकाचे सारे मर्म या अडखळण्यात आहे. नाव टिकवावे तर बायकामुले उपाशी राहतात, आणि त्यांना जगवावे तर नाव मरते. बुंटूचा युक्तिवाद व्यवहारी आहे : जो माणूस आधीच गोऱ्यांच्या लेखी केवळ एक क्रमांक आहे, त्याने नावासाठी अडून काय मिळवावे? प्रेक्षकाला तो पटतो आणि पटल्याची शरमही वाटते.

मराठी समीक्षेत दलित साहित्याची तुलना बहुधा अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या साहित्याशी होत आली आहे. आडनावावरून जात हुडकणाऱ्या समाजातील वाचकाला सिझ्वेचे हे अडखळणे अपरिचित वाटू नये. मात्र येथे नाव झाकण्याचा प्रश्न आहे, तर तेथे शासनाच्या दप्तराने ते गिळण्याचा. हा फरक पुसून टाकणे उचित नाही.

नाटकाबाहेरही दप्तर होतेच. कृष्णवर्णीय माणसाची ‘नट’ म्हणून नोंद होणे शक्य नसल्याने कानी आणि न्त्शोना हे कागदोपत्री फुगार्ड यांचे घरगुती नोकर होते! पासबुकातून पळवाट काढणाऱ्या माणसाची भूमिका करणाऱ्यांनाही तीच पळवाट शोधावी लागली.

पासकायदे १९८६ मध्ये रद्द झाले. नाटकातील सिझ्वेला मात्र एवढी मुदत नाही. कधीतरी पोलीस पकडतील, बोटांचे ठसे घेतले जातील आणि रॉबर्टच्या पुस्तिकेआडचा सिझ्वे उघडा पडेल, हे त्याला आणि बुंटूलाही ठाऊक आहे. तूर्त तो नव्या सुटात स्टाइल्सच्या स्टुडिओत उभा आहे. छायाचित्र गावी नोवेतूकडे जायचे आहे आणि सोबतच्या पत्रात नवऱ्याने तिला आपल्याच मरणाची बातमी कळविली आहे.